उंबऱ्याबाहेरचा बाप

मराठीत बाईच्या गरोदरपणासाठी शब्दांची कमी नाही. तिला दिवस जातात, ती पोटुशी असते, गर्भारशी असते, दोन जिवांची असते. ओटी भरायला बसली की डोहाळकरीण, बाळ झालं की बाळंतीण, पहिल्या काही दिवसांत ओली बाळंतीण आणि मग लेकुरवाळी. प्रत्येक टप्प्याला वेगळं नाव, वेगळं खाणंपिणं, वेगळी गाणी.

याच नऊ महिन्यांत तिच्या शेजारी एक माणूस वावरत असतो. त्याच्यासाठी एखादा शब्द आठवून पाहा. 'होणारा बाप' म्हणता येईल, पण ते दोन शब्द जोडून चालवलेलं काम आहे. शास्त्रीबुवांच्या संस्कृतात एक शब्द सापडतो: गर्भिणीपती. म्हणजे गरोदर बाईचा नवरा. तिथेही त्याची ओळख तिच्यावरूनच.

माझ्या बायकोला सातवा महिना लागलाय. फोनवरचं अॅप दर आठवड्याला बाळाची तुलना एकेका फळाशी करतं, तिला काय होत असेल ते सांगतं आणि माझ्यासाठी शेवटी दोन ओळी ठेवतं: तिला पाणी द्या, तिची पाठ चोळा. त्या दोन ओळी वाचून वाटलं की माझ्याआधीच्या बापांना काय सांगितलं जायचं ते शोधावं. ते कुठे होते, काय करत होते? आमचं गाव न्हावरे, तालुका शिरूर, जिल्हा पुणे. बरीचशी उत्तरं याच जिल्ह्यात सापडली.

'करू नये' अशी यादी

पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय ऊर्फ बाबा पाध्ये यांनी १७९० साली 'धर्मसिंधू' हा ग्रंथ पूर्ण केला. कोणता विधी कधी आणि कसा करायचा याचं ते हाताशी ठेवायचं पुस्तक होतं आणि महाराष्ट्रातल्या भिक्षुकांनी ते पुढे पिढ्यानपिढ्या वापरलं. त्यात गर्भिणीपतीसाठी नियम आहेत. गर्भ काही महिन्यांचा झाला की नवऱ्याने केस काढू नयेत, तीर्थयात्रेला जाऊ नये, नावेत बसू नये, श्राद्धाचं जेवू नये, प्रेतामागून जाऊ नये, घर बांधायला काढू नये, युद्धाला जाऊ नये.

ग्रंथ न वाचलेल्या घरांतही या यादीचे तुकडे टिकून आहेत. आमच्याकडे बायकोला दिवस गेलेले असले की माणूस मयताला खांदा देत नाही, नारळ फोडत नाही. मयतीला गेला तरी मागे उभा राहतो आणि तो मागे का उभा आहे हे सगळ्यांना कळतं. गावात बातमी फुटण्याची ती एक जुनी रीत आहे.

ही यादी वाचून हसू येतं. पण नीट पाहिलं तर तिच्यातल्या बऱ्याच गोष्टींचा अर्थ एकच निघतो: लांब जाऊ नकोस, जिवाला धोका होईल असं काही करू नकोस, मोठा खर्च काढू नकोस. घरी राहा. घरी राहून काय करायचं, हे मात्र यादीत फारसं नाही. जुन्या संस्कारांत नवऱ्याच्या वाट्याला मोजक्या कृती येतात. अनवलोभनात त्याने बायकोच्या उजव्या नाकपुडीत दूर्वांचा रस पिळायचा. सीमंतोन्नयनात साळिंदराच्या काट्याने तिचा भांग पाडायचा. मूल जन्मल्यावर जातकर्मात त्याला मध-तूप चाटवायचं. नवऱ्याने बायकोचा भांग पाडावा, यात हळुवारपणा आहे. पण तो एका दिवसाचा, मंत्र म्हणत आणि पाहुण्यांसमोर करायचा हळुवारपणा आहे.

आणि हे संस्कारही मूठभर घरांतले. बाकीच्या घरांची रीत सोपी होती: पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात पोरगी आईकडे जायची. बाळंतिणीच्या खोलीत सुईण, आई, आजी. पुरुष उंबऱ्याबाहेर. पाचव्या दिवशी पाचवी पुजायची, सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिणार म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. बाप दुसऱ्या गावात. त्याला निरोप जायचा, भावकीला सोयर लागायचं आणि बाराव्या दिवशी बारशाला तो पाहुण्यासारखा सासुरवाडीला यायचा. मूल घरी आल्यावरही वडीलधाऱ्यांसमोर त्याने ते उचलून घ्यायचं नाही. स्वतःच्या लेकराचे चारचौघांत लाड करणं म्हणजे निर्लज्जपणा.

ही रीत बाईच्या सोयीची होती, हेही खरं. सासरच्या कामातून तिला काही महिने सुटका मिळायची. पण त्यातून बापाची एक प्रतिमा घडली आणि ती अजून टिकून आहे: तो येतो, पाहतो, पेढे वाटतो.

दोन किल्ले

पुणे जिल्ह्यातले दोन जन्म सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. दोन्ही किल्ल्यांवरचे आणि दोन्ही वेळी बाप तिथे नव्हता.

१९ फेब्रुवारी १६३० रोजी जुन्नरजवळच्या शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. त्याआधीचं वर्ष जिजाबाईंसाठी कसं होतं ते आपण सहसा विसरतो. जुलै १६२९मध्ये त्यांचे वडील लखुजी जाधव आणि त्यांचे मुलगे निजामशाही दरबारात मारले गेले. म्हणजे जिजाबाईंना दिवस गेले त्याच सुमारास त्यांचं माहेर उद्ध्वस्त झालं होतं. बाळंतपणाला आधार देणारं घर उरलं नव्हतं आणि शहाजीराजे मोहिमांच्या धामधुमीत होते. म्हणून माहेराची जागा एका किल्ल्याने घेतली. गरोदर बायकोला सुरक्षित जागी ठेवून आपण रणात, ही त्या काळच्या सरदाराची बाप होण्याची तऱ्हा होती. 'धर्मसिंधू'त युद्धाला जाऊ नये असा नियम आहे खरा, पण ज्याची जहागीर तलवारीवर टिकून आहे त्याला तो पाळणं परवडत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा. तो पुढे शिरूरच्या उसात पुन्हा भेटणार आहे.

दुसरा जन्म पुरंदरावरचा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांचं वय १८. त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. चुलता रघुनाथराव पेशवा झाला आणि नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत फडके वगैरे कारभाऱ्यांनी त्याच्याविरुद्ध कट केला. तोच बारभाईंचा कारस्थान. त्यांचा सगळा डाव गंगाबाईंच्या पोटावर अवलंबून होता. १७७४च्या जानेवारीत त्यांनी तिला पुरंदरावर नेलं. किल्ल्यावर पहारा, खाली लढाया आणि मध्ये एक पोरसवदा विधवा, जिच्या बाळंतपणाकडे पुण्यापासून हैदराबाद-मुंबईपर्यंतच्या दरबारांचे कान लागलेले. मुलगी झाली तर मुलगा आणून ठेवता यावा म्हणून आणखी काही गरोदर बायका गडावर नेल्या आहेत, अशी आवईही उठली होती. १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला. ४० दिवसांच्या त्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. तेच सवाई माधवराव.

महाराष्ट्राच्या इतिहासात एखाद्या बाळाची इतकी वाट क्वचितच पाहिली गेली असेल. पण ती वाट बाळाची नव्हती, मुलाची होती. मुलगी झाली असती तर नऊ महिन्यांचा सगळा खेळ एका क्षणात संपला असता.

हा धागा तुटलेला नाही. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बसलात की समोर पाटी दिसते: इथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही. त्या पाटीमागचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ साली आला. कायदा पहिल्यांदा इथे झाला, कारण तंत्र आल्याबरोबर त्याचा वापर इथे जोरात सुरू झाला होता. त्या खोल्यांबाहेर बापच उभे होते आणि त्यातल्या अनेकांना जाणून घ्यायचं होतं ते एवढंच. बाप बाहेर उभा असतो तेव्हा तो बिचारा असतोच असं नाही.

दहा दिवसांचं बाळ

आनंदीबाई जोशी यांची गोष्ट शाळेत असते. पहिल्या मराठी महिला डॉक्टर, १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी. शाळेत हेही सांगतात की वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला, तो दहा दिवस जगला आणि उपचार मिळाले नाहीत या दुःखातून त्या डॉक्टर व्हायला निघाल्या. पदवीसाठी त्यांनी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय होता हिंदू परंपरेतलं प्रसूतिशास्त्र. त्या विषयाची निवड त्या दहा दिवसांपासून वेगळी काढता येत नाही.

त्या बाळाला बापही होता. गोपाळराव जोशी, टपाल खात्यातले कारकून, बायकोने शिकावं म्हणून हट्टाला पेटलेले, तऱ्हेवाईक आणि कठोर. त्यांच्या तापटपणाबद्दल, भाषणांबद्दल, धर्मावरच्या वादांबद्दल भरपूर लिहिलं गेलं. बाळाच्या मृत्यूच्या संदर्भात मात्र आपण आईचं दुःख आठवतो, बापाचं काय झालं असेल असं विचारत नाही. ते दुःख त्यांच्या अचाट निर्णयात उतरलं असेल का? १८८३मध्ये १८ वर्षांच्या बायकोला एकटीला कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला पाठवणारा त्या काळातला ब्राह्मण कारकून केवळ सुधारणेच्या हौसेपोटी हे करत होता की आणखी कशापोटी? उत्तर कागदावर नाही. बापाचं दुःख लिहून ठेवण्याची रीत नव्हती, तशी ते विचारण्याचीही नव्हती. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. वय २१.

जे बाप आलेच नाहीत

त्याच पुण्यात त्याआधी २० वर्षं आणखी एका प्रकारचा बाप चर्चेत होता. तो गायब होता. ब्राह्मण घरांतल्या विधवांना पुनर्विवाह करता येत नव्हता. नात्यातल्या किंवा ओळखीतल्या पुरुषापासून दिवस गेले की त्यांच्यासमोर विहीर, काशी किंवा बाळाचा गळा हेच पर्याय उरत. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. विधवेने गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं तर न्यावं, नाहीतर ठेवून जावं. जोतीरावांनी १८८४ साली लिहिलेल्या टिपणानुसार ३५ विधवा तिथे येऊन गेल्या. म्हणजे ३५ बाप असे, जे उंबऱ्याबाहेरही उभे नव्हते.

यातल्याच एका विधवेचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. त्याचं नाव यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. जोतीरावांना स्वतःचं मूल नव्हतं. तरी माझ्या मते एकोणिसाव्या शतकातल्या मराठी बापांमध्ये त्यांचं नाव अगदी वर लिहावं लागेल. परक्या बायकांची बाळंतपणं ज्या पुरुषाने आपल्या घरात होऊ दिली, त्याने 'बाप म्हणजे बीज देणारा' ही व्याख्याच मोडीत काढली. त्यांच्या घराला उंबरा होता, पण तो बापाला बाहेर ठेवण्यासाठी नव्हता, बाईला आत घेण्यासाठी होता.

न्हावऱ्याहून चौफुल्याच्या रस्त्याने भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो आणि पुढे केडगाव. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती सदन आहे. १८९६-९७च्या दुष्काळात बेवारस झालेल्या बायका-मुलींना रमाबाईंनी तिथे आणलं. रमाबाईंची स्वतःची मुलगी मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती तेव्हा तिचे वडील वारले होते. बापाशिवाय मूल वाढवणं म्हणजे काय, हे त्या बाईला कुणी शिकवायची गरज नव्हती.

हंडा कोणाच्या डोक्यावर

इथून पुढची गोष्ट थेट शिरूर तालुक्यात येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात १९४४ साली स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. बानू कोयाजी रुजू झाल्या. शहरात आलेल्या बायकांवर उपचार करून भागणार नाही, गावात जायला हवं, हे त्यांना दिसत होतं. १९७०च्या दशकात केईएमचा ग्रामीण प्रकल्प शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला सुरू झाला. गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यसेविका केलं गेलं. आज गरोदर बाईच्या घरी आशाताई येते. या पद्धतीमागे अशा अनेक गावांतले प्रयोग आहेत, त्यातला एक आपल्या तालुक्यातला.

पुढे १९९३च्या सुमाराला केईएमच्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. मूल होण्याच्या वयातल्या विवाहित बायकांची नोंद ठेवायची, दिवस गेले की त्यांचं खाणं, वजन, काम, सगळं मोजायचं आणि मग जन्मलेल्या बाळाला मोजायचं. ही बाळं सरासरी २.७ किलोची निघाली. इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळं दिसायला बारीक, पण त्यांच्या अंगावर चरबी त्या मानाने टिकून, हे या अभ्यासाचं गाजलेलं निरीक्षण. पुढच्या आयुष्यातल्या मधुमेहाचं मूळ पोटातच रुजतं का, हा प्रश्न त्यातून जगभर गेला.

माझं लक्ष मात्र दुसऱ्या दोन गोष्टींनी वेधलं. एक म्हणजे या अभ्यासात बापांचीही उंची आणि वजन घेतलं होतं आणि गर्भाच्या वाढीशी ते ताडून पाहिलं होतं. गर्भिणीपतीच्या अंगाला टेप लागली, ही ऐतिहासिक घटना म्हणायला हरकत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या बायका दिवसभर काय काम करतात, याचा तपशील गोळा केला गेला: शेतातलं काम, पाणी आणणं, धुणं. आणि दिसलं असं की ज्यांच्यावर कष्टाच्या कामाचा बोजा जास्त, त्यांची बाळं लहान.

हे वाचून मला 'धर्मसिंधू'ची यादी आठवली. त्या यादीत नाव, तीर्थ, क्षौर सगळं आहे. हंडा नाही. सरपणाचा भारा नाही. खुरपणीत उन्हात वाकलेली पाठ नाही. नवऱ्याने केस कापले की नाहीत यावरून बाळाचं वजन ठरत नाही, पण पाण्याचा हंडा कोणाच्या डोक्यावर आहे यावरून थोडंफार ठरतं. म्हणजे बापाचं काम मूल जन्मल्यावर सुरू होत नाही आणि ते निव्वळ भावनेचंही नाही. ते किलोत मोजता येतं.

शरीराकडून आणखी एक पुरावा आहे. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये अॅन स्टोरी आणि सहकाऱ्यांनी २००० साली बाळाची वाट पाहणाऱ्या जोडप्यांच्या रक्तातली संप्रेरकं तपासली. बदल फक्त बाईत नव्हते. पुरुषांतही बाळंतपणाच्या आधी आणि नंतर संप्रेरकांचं प्रमाण बदलत होतं. आपण ज्याला उंबऱ्याबाहेरचा म्हणतो, त्याचं शरीर बाहेर राहिलेलं नसतं.

आज दवाखान्यात उंबऱ्याची जागा पडद्याने घेतली आहे. केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी दवाखान्यांसाठी प्रसूतीच्या वेळी सोबत माणूस असू द्यावा अशा सूचना काढल्या. सोबतीण बाईच असावी असं त्यात गृहीत आहे. पण जिथे आडोशाची नीट सोय आहे तिथे नवऱ्यालाही येऊ द्यायला हरकत नाही असंही म्हटलं आहे. 'जिथे आडोशाची सोय आहे' या अटीतच सगळं आलं. एका खोलीत तीन-चार बायका कळा देत असतील तर एकीचा नवरा आत येणं हा बाकीच्यांवर अन्याय आहे. म्हणजे बापाला आत घ्यायचं तर संस्कार बदलून भागत नाही, भिंत बांधावी लागते. भिंतीला पैसे लागतात.

रजेचा अर्ज

माझा जन्म झाला तेव्हा वडील साखर कारखान्यात काट्यावर होते. उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर वजनाला लागायचे, रात्रपाळी चालू, हंगाम भरात. आई श्रीगोंद्याला माहेरी. निरोप तिकडून आलेल्या एका ट्रॅक्टरवाल्याने आणला. वडील मला पहिल्यांदा भेटले बाराव्या दिवशी. त्यांनी रजा मागितली नव्हती. बाप होण्यासाठी रजा मागायची असते हे कुणाला सुचलंच नव्हतं. ते आजही हे तक्रार म्हणून सांगत नाहीत, हवामानाची माहिती दिल्यासारखं सांगतात.

बाईच्या बाबतीत हे सुचायलाही वेळ लागला. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाचा लाभ देणारं विधेयक आणलं, ते मंजूर झालं नाही. मुंबई इलाख्यात मात्र १९२९ साली कायदा झाला. देशातला त्या प्रकारचा तो पहिला. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यावर चर्चा झाली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाठिंब्याला उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. मूल ही एका घराची खासगी बाब नाही, ते वाढवण्याचा खर्च समाजाने वाटून घ्यावा, हा विचार त्यामागे होता.

१९६१ साली देशभराचा कायदा आला. २०१७ साली त्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. बापाचं नाव या कायद्यात रजेसाठी आलं नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला मात्र १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून १५ दिवसांची रजा मिळते, बाळंतपणाच्या १५ दिवस आधीपासून सहा महिन्यांच्या आत कधीही घेता येते. खासगी नोकरीत कंपनी देईल ते. २०१७मध्ये हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक मांडलं होतं. सगळ्या बापांना १५ दिवस, पुढे तीन महिन्यांपर्यंत वाढवता येतील अशी तरतूद. त्याचा कायदा झाला नाही. स्वीडनने आईची रजा दोघांची करून टाकली ती १९७४ साली. बाळंतपणाच्या रजेवर काम करणाऱ्या देशातल्या पहिल्या काही विधिमंडळांत मुंबईचं होतं. बापाच्या रजेवर मात्र आपण अजून अर्जच लिहितो आहोत.

मी लॅपटॉपवर काम करतो. तारीख आधी सांगितली तर सुट्टीची व्यवस्था होईल, घरून काम करता येईल, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून बाळाला मांडीवर घेता येईल. माझ्या पिढीतले शहरी बाप इन्स्टाग्रामवर बाळाचं लंगोट बदलताना दिसतात, याचं कौतुकही होतं. ते खोटं नाही. पण त्यामागे चांगुलपणा जितका आहे तितकीच हजेरीपटाची सूट आहे. माझे वडील माझ्याहून कमी हळवे नव्हते. ते काट्यावर होते.

अर्धा कोयता

न्हावऱ्याची बाहेरच्यांना ओळख म्हणजे घोडगंगा सहकारी साखर कारखाना. माझ्या लहानपणी दिवाळी सरली की रस्त्याकडेला कोप्या उभ्या राहायच्या. बीड, नगर, जालन्याकडून टोळ्या यायच्या. पहाटे तीनला फडात जाणारे दिवे दिसायचे. शाळेत जाताना वाढ्यांच्या भाऱ्याखाली चालणाऱ्या बायका दिसायच्या, त्यातल्या काहींचं पोट पुढे आलेलं असायचं. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

ऊसतोडीत मजुराला माणूस म्हणून मोजत नाहीत, कोयता म्हणून मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो तोडतो, ती साळते, मोळी बांधते, दोघं मिळून वाहतात. मुकादम उचल देतो ती जोडीला. हंगामाआधी घेतलेली ती रक्कम पुढचे पाच-सहा महिने फेडायची. एक दिवस काम चुकलं की खाडा आणि खाड्याचे पैसे कापले जातात. बाईची पाळी, बाईचं दुखणं, बाईचं गरोदरपण, सगळं खाड्यात जमा. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायकांची गर्भपिशवी काढलेली होती. त्यामागे कारणं अनेक आहेत, पण खाड्याची भीती हे त्यातलं ठळक कारण म्हणून पुढे आलं.

आता १९२९चा कायदा आठवा. तो कारखान्यातल्या बायकांसाठी होता. साखर कारखान्याच्या फाटकाच्या आत जिची हजेरी लागते तिला कायदा लागू. फाटकाबाहेर, त्याच कारखान्यासाठी ऊस तोडणारी बाई कुणाच्याच हजेरीपटावर नाही. ती मुकादमाच्या वहीत आहे, तीही नवऱ्याच्या नावापुढे. वढूच्या आरोग्यसेविका, याज्ञिकांचं मोजमाप, आंबेडकरांचं भाषण, हे सगळं ज्या तालुक्यात किंवा ज्या राज्यात घडलं, तिथेच ही बाई आठव्या महिन्यात मोळी उचलते आणि कधी कधी कोपीतच बाळंत होते.

आणि तिचा नवरा? आपण त्याला निर्दयी ठरवून मोकळे होतो. पण त्याच्यासमोरचा हिशेब पाहा. बायकोला बसवलं तर तोड निम्म्यावर येते, उचल फिटत नाही, फिटली नाही तर पुढच्या वर्षीही याच मुकादमाकडे यावं लागतं. तिचं ओझं आपल्या डोक्यावर घ्यावं म्हटलं तर तो आधीच त्याच्या ओझ्याखाली आहे. शहाजीराजांना रण सोडून येता येत नव्हतं, माझ्या वडिलांना काटा, याला फड. तिघांच्या अडचणी एका मापाच्या नाहीत. पण वाट पाहणं ही काही फुकटची गोष्ट नाही, हे तिघांनाही लागू आहे. जवळ बसून वाट पाहायची तर त्या बसण्याचे पैसे कुणीतरी भरावे लागतात: घराने, मालकाने किंवा सरकारने.

बापांना हळवं व्हायला शिकवा, असं हल्ली म्हणतात. शिकवाच. पण या जिल्ह्याच्या चारशे वर्षांत मला कमी पडलेली दिसली ती हळवेपणाची शिकवणी नाही. कमी पडली ती आडोशाची भिंत, पगारी रजा आणि खाडा न कापणारी वही.

ऊसतोडीच्या भाषेत या माणसासाठी एक शब्द आहे. बायको बाळंतपणासाठी गावी राहिली आणि तो एकटा तोडीला आला, तर वहीत त्याच्यापुढे लिहितात: अर्धा कोयता. सुरुवातीला मी म्हटलं की मराठीत होणाऱ्या बापासाठी शब्द नाही. तर हा एक आहे.